मामाजींच्या दोन गोळ्या

माझ्या दोन्ही दूर राहणाऱ्या नातवंडांनो,

मागच्या रविवारी थोरलीनं फोनवर सांगितलं, की तिच्या अर्धशिशीवर डॉक्टरीणबाईंनी जी गोळी दिली आहे, ती मुळात फिट येणाऱ्या माणसांची आहे. गोळी लिहून देण्याआधी त्यांनी दोन प्रश्न विचारले. घरात कुणाला फिट येत होत्या का? आणि तू आणखी कुठलं औषध घेतेस का? पहिल्या प्रश्नासाठी तिनं तुमच्या बाबाला विचारलं. तो ठणकावून म्हणाला, "आपल्या घराण्यात असलं काही नाही." दुसऱ्याला तिनं स्वतःच "नाही" म्हणून टाकलं. मग मला म्हणाली, "आजी, झोपेसाठी मी अधूनमधून एक घेते, पण ती काय औषधात धरायची?"

बाळांनो, दोन्ही उत्तरं चूक आहेत. तुमच्या बाबाला मी दोष देत नाही. तेव्हा तो पाळण्यात होता, आणि पुढे ती गोष्ट घरात इतकी सरावाची झाली की मुलांना मुद्दाम सांगायची असते हेच कुणाच्या ध्यानात राहिलं नाही. फोनवर सांगायला गेले तर तुम्ही "हो आजी, हो आजी" म्हणता आणि पलीकडे भांडी घासत असता. म्हणून लिहून काढते. वाचून झाल्यावर थोरलीनं डॉक्टरीणबाईंना फोन करावा. तोवर मनानं गोळी बंद करू नये आणि मनानं वाढवूही नये.

मामाजी म्हणजे माझे सासरे, तुमचे पणजोबा. आमच्या बालाघाटकडे सून सासऱ्याला मामाजी म्हणते आणि सासूला आत्याबाई. मामाजी शिंपी होते. आठवडी बाजाराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आमचं घर, पुढे छपरी, आणि छपरीत त्यांची पायानं चालवायची मशीन. छप्पन साली ते नागपूरला जाऊन दीक्षा घेऊन आले. त्याच सुमाराला राज्यांची नवी वाटणी झाली, आम्ही मध्य प्रदेशात राहिलो आणि नागपूर दुसरीकडे गेलं. मामाजी सांगत, "म्या धर्म बदलला तवा सरकारले नाही इचारलं, आन सरकारनं राज्य बदललं तवा मले नाही इचारलं. हिसोब बरोबर."

पंचशीलातलं पाचवं शील, नशापाणी न करण्याचं, त्यांनी आमच्या वॉर्डात फार मनावर घेतलं होतं. आमच्या भागात मोहाच्या झाडांना तोटा नाही, त्यामुळे मोहाच्या दारूलाही नाही. बाजाराच्या संध्याकाळी मामाजी गळ्यात टेप घालून छपरीच्या पायरीवर उभे राहत आणि येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलत. ते दोन शब्द फक्त तोंडाचा वास घेण्यापुरते. शेजारचे गाडीवान काका तर आमच्या घरावरून जाताना श्वास रोखूनच जात. पौर्णिमेला विहारात वंदना असे. विहार म्हणजे तेव्हा एक कवेलूची, म्हणजे कौलारू, खोली आणि पुढे मांडव. सगळ्यांना पंचशील देण्याचा मान मामाजींचा होता. तो कुणी दिला नव्हता, पण काढून घ्यायची कुणाची छातीही नव्हती.

मी लग्न होऊन आले ती नागपूरहून. इंग्रजी शिकलेली. बालाघाटच्या मुलींच्या शाळेत मला इंग्रजी शिकवायची नोकरी मिळाली. तुमचे आजोबा तेव्हा बिरसा गावच्या शाळेत मास्तर होते, शनिवारी घरी येत. मामाजींना माझ्या इंग्रजीचं भारी कौतुक. गिऱ्हाइकाला सांगत, "आमची सून झोपीतबी इंग्रजी बोलते." मी झोपेत काही बोलत नसे, पण ते ऐकून गिऱ्हाईक भाव करायचं विसरत असे.

आता मिरगीचं सांगते. आमच्याकडे फिटला मिरगी म्हणत. एका वर्षी पावसाळ्याआधी मामाजी कवेलू फेरायला छपरावर चढले आणि घसरून अंगणातल्या धुण्याच्या दगडावर डोक्यानं पडले. जखम भरली, केस आले, सगळे विसरले. काही महिन्यांनी आतल्या खोलीत जेवता जेवता त्यांना पहिला झटका आला. हातपाय ताठ झाले, तोंडाला फेस आला. दार लोटलेलं होतं म्हणून बाहेर कळलं नाही. आत्याबाईंनी धावत जाऊन कोनाड्यातला जोडा आणला आणि त्यांच्या नाकाशी धरला. जोड्यानं काही होत नाही. तसं काही करू नका. माणसाला कुशीवर वळवायचं, तोंडात काही कोंबायचं नाही आणि थांबायचं. पण तेव्हा आम्हाला ते माहीत नव्हतं. झटका आपोआप थांबला. मामाजींनी डोळे उघडले आणि पहिलं वाक्य बोलले ते असं:

"हा कोनाचा जोडा हाये?"

"तुमचाच," आत्याबाई रडत म्हणाल्या.

"मंग ठीक हाये."

बैहरकडच्या एका नामांकित गुनियाचं, म्हणजे मांत्रिकाचं, नाव कुणीतरी सुचवलं. मामाजी म्हणाले, झाडफूक आपण सोडली ती सोडली. तुमचे आजोबा त्यांना नागपूरच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. पहिल्यांदा फिनोबार्बिटोनच्या गोळ्या मिळाल्या. झटके कमी झाले, पण मामाजी दिवसभर पेंगू लागले. एकदा मशीनवर डुलकी लागून त्यांनी एका शर्टाची बाही गळ्यालाच जोडली. मग डॉक्टरांनी हळूहळू ती कमी करून फेनिटॉइन सुरू केली. ती मात्र लागू पडली. झोप गेली, झटके थांबले, हात पुन्हा सुईसारखा सरळ चालू लागला. एवढंच झालं की वर्षा-दीड वर्षात हिरड्या फुगून दातांवर चढू लागल्या. ती त्या गोळीची खोड असते. डॉक्टर म्हणाले, दात स्वच्छ ठेवा. मामाजी बाभळीची काडी घेऊन सकाळ-संध्याकाळ असे काही दात घासत की आत्याबाई म्हणत, "घासून घासून दात झिजून जातीन, मंग हिरड्या कशावर चढतीन?"

हे सगळं आम्ही लपवून ठेवलं होतं. तुमची आत्या-आजी, म्हणजे माझी नणंद, तेव्हा लग्नाची होती. बापाला मिरगी म्हटलं की सोयरीक मोडलीच, पुढचं कुणी ऐकून घेत नसे. म्हणून गोळ्या बालाघाटच्या दुकानातून घ्यायच्या नाहीत असं ठरलं. मामाजी छोट्या गाडीनं गोंदियाला जात, तिथून मोठ्या गाडीनं नागपूरला. विचारलं तर सांगायचं, अस्तराचं कापड आणायला चाललो. आणि खोटं पडू नये म्हणून ते खरंच अस्तर आणत. घरात इतकं अस्तर साचलं, की तुमच्या बाबाची दुपटी अस्तराची, उशांचे अभ्रे अस्तराचे, आणि माझ्या छत्रीला देखील आतून अस्तर होतं.

एका हिवाळ्यात मामाजींना खोकला लागला आणि हटेना. टीबी निघाला. टीबीच्या दवाखान्यातून आयसोनियाझिडच्या गोळ्या आणि पास नावाच्या औषधाच्या कडू पुड्या सुरू झाल्या. तिथल्या डॉक्टरांनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं, "और कोई दवाई चलती है, बाबा?" मामाजी म्हणाले, "नहीं साब." घरी आल्यावर मी म्हटलं, मामाजी, सांगायला हवं होतं. ते म्हणाले:

"काहून? ते छातीचे डॉक्टर, नागपूरवाले डोक्याचे. प्यांट शिवनाऱ्याले टोपीचं माप कोनी सांगते का?"

आयुष्यभर मापं घेतलेल्या माणसाला कोण शिकवणार? आम्ही सगळेच गप्प बसलो. तसंच नागपूरच्या डॉक्टरांनाही टीबीचं सांगितलं नाही, कारण टीबीही लपवायचाच आजार होता. घरात एका शिंक्यात नागपूरच्या गोळ्या आणि दुसऱ्या शिंक्यात दवाखान्याच्या, आणि दोन्ही डॉक्टरांना वाटत होतं की हा माणूस फक्त आपलंच औषध घेतो.

काही आठवडे बरे गेले. खोकला उतरला, भूक लागू लागली. मग मामाजींची चाल बदलली. आधी ते उंबऱ्याला अडखळू लागले. मग अंगणातून नळावर जाताना पाय फाकून, जहाजावरच्या माणसासारखे डोलत चालू लागले. बोलणं जड झालं. सुईत दोरा ओवता ओवता म्हणाले, "आज या सुईले दोन नाकं काहून हायेत?" त्याच आठवड्यात त्यांनी पोस्टातल्या एका बाबूची पँट शिवली, तिचा एक पाय घोट्यापर्यंत आणि दुसरा जमिनीवर लोळणारा. बाबू भला माणूस. म्हणाला, "मास्टरजी, मेरी टांगें तो बराबर हैं."

दिवस मोह वेचण्याचे होते. गावोगाव ताजी दारू निघत होती. अशा दिवसांत बाजाराच्या रस्त्यावर, लाल डोळ्यांनी, जड जिभेनं डोलत चाललेल्या माणसाबद्दल लोकांनी काय समजावं? आणि माणूस कोण, तर सगळ्यांच्या तोंडाचा वास घेणारा!

गाडीवान काकांनी इतक्या वर्षांचा श्वास एकदम सोडला. बैलगाडी छपरीसमोर उभी करून मोठ्यानं म्हणाले, "काय मास्तर, आज कोनत्या झाडाची?"

मामाजी ताडकन उठले आणि मशीनला धरून पुन्हा बसले.

"बसा, बसा," काका म्हणाले. "पयली पयली असली का असंच होते. मंग सवय होते. आमाले इचारा."

घरात आत्याबाईंनी आपला निष्कर्ष काढला. हातपाय थरथरतात म्हणजे मिरगी परत येऊन राह्यली. त्यांनी नागपूरच्या शिंक्यातली एक गोळी जास्त द्यायला सुरुवात केली. कुणाला ते वावगं वाटलं नाही. गोळी ज्या दुखण्याची, ते दुखणं वाढलं तर गोळी वाढवायची, यात काय चुकलं? दोन दिवसांत मामाजींना भिंत धरल्याशिवाय उठता येईना आणि जेवलेलं पोटात राहीना.

आणि नेमकं तेव्हाच तुमसरहून निरोप आला. आत्या-आजीसाठी तिथलं एक स्थळ होतं. मुलगा शाळेत शिकवायचा, तिला पसंत होता, त्यांनाही ती पसंत होती. वैशाखी पौर्णिमेला मुलाकडचे बालाघाटला येणार, विहारात वंदनेला बसणार, मग आमच्या घरी जेवून बोलणी पक्की करणार, असं आधीच ठरलेलं होतं. आता निरोपात पुढे एक ओळ जोडली होती: मुलीच्या वडिलांविषयी काही ऐकलं आहे, ते समक्ष बोलू.

काय ऐकलं असेल ते सगळ्यांना कळलं. आत्या-आजी चुलीपुढे बसली होती. ती म्हणाली, "वयनी, आता बाबाले एक तं दारुडे म्हना, नाही तं मिरगीवाले म्हना. माह्यं लग्न कशानं मोडाचं ते तुमी लोक ठरवा." हे बोलून तिनं भाकरी इतक्या जोरात थापली की परातीबाहेर गेली.

अडचण तीच होती. दारूचा आळ धुवायचा तर मिरगी सांगायला हवी. मिरगी झाकायची तर दारूचा आळ अंगावर राहणार, आणि त्या अंगानं पौर्णिमेला लोकांना पाचवं शील कसं देणार?

मी शाळेतून रजा घेतली आणि मामाजींना रिक्षात घालून टीबीच्या दवाखान्यात नेलं. फाटकापाशी त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं. "डॉक्टरसमोर मिरगीचा 'म' नाही काढाचा. मराठीत नाही, हिंदीत नाही. पोरीची शपथ हाये तुले."

मी म्हटलं, "हौ, मामाजी. मराठीत नाही, हिंदीत नाही."

डॉक्टर जबलपूरकडचे, तरुण आणि हसऱ्या तोंडाचे. त्यांनी आधी मामाजींच्या तोंडाचा वास घेतला. मामाजींच्या आयुष्यात ते उलटं पहिल्यांदाच घडत होतं. त्यांचा चेहरा पाहून मला हसू आवरेना. मग डॉक्टर म्हणाले, "मेरी उंगली देखो, बाबा," आणि बोट डावीकडे-उजवीकडे फिरवलं. मामाजींचे डोळे बोटामागे जाताना थरथर उडत होते. मग फरशीच्या रेघेवरून टाचेला टाच लावून चालायला सांगितलं. मामाजी रेघेवर गेले आणि रेघ सोडून थेट औषधांच्या कपाटाकडे निघाले. डॉक्टरांनी त्यांना धरून बसवलं आणि विचारलं:

"सच बताओ. और कौन सी गोली खाते हो?"

"कुछ नहीं साब."

तेव्हा मी इंग्रजीत बोलले. सावकाश, शाळेत धडा वाचते तशी. म्हटलं, डॉक्टरसाहेब, माझ्या सासऱ्यांना डोक्याला मार लागल्यापासून एपिलेप्सी आहे, ते रोज फेनिटॉइन घेतात, आणि गेल्या आठवड्यापासून आम्ही ती वाढवली आहे.

डॉक्टर खुर्चीतून अर्धे उठले. मामाजीही उठले.

"सूनबाई!" ते गरजले. "'एपिलेप्सी' मले समजते! नागपूरवाला डॉक्टर तोच शब्द म्हनते!"

डॉक्टर इतके हसले की बाहेरची नर्स डोकावून गेली. मामाजी मात्र माझ्याकडे पाहत राहिले आणि मग हळूच म्हणाले, "बाकीचं इंग्रजी चांगलं होतं."

मग डॉक्टरांनी समजावून सांगितलं, ते मला जसं आठवतं तसं तुम्हाला सांगते. पोटात गेलेलं औषध कायम राहत नाही. यकृत ते मोडून बाहेर काढतं, म्हणून रोज नवी गोळी लागते. फेनिटॉइन मोडायचं यकृताचं जे काम आहे, ते टीबीची गोळी अडवून धरते. डॉक्टर म्हणाले, "बाबा, आपकी गोंदिया लाइन जैसी बात है. पटरी एक है. एक गाड़ी निकले तब तक दूसरी स्टेशन पर खड़ी." लाईन अडली तरी तिकिटं विकणं चालूच राहिलं तर फलाटावर गर्दी होणारच. मामाजींच्या रक्तात फेनिटॉइनची तशी गर्दी झाली होती. सगळ्यांच्याच बाबतीत असं होत नाही. काहींचं यकृत मुळात सावकाश चालतं, त्यांना जास्त बाधतं. आणि ही गर्दी झाली की माणूस हुबेहूब प्यायल्यासारखा दिसतो. डोळे, जीभ, पाय, सगळं तसंच.

"और आप लोगों ने," डॉक्टर माझ्याकडे पाहून म्हणाले, "ऊपर से एक टिकट और बेच दिया."

मामाजींनी सगळं ऐकून घेतलं आणि निकाल दिला. "मंग ते मिरगीची गोळी आजच नालीत फेकतो. तिनंच माह्यी अब्रू घेतली."

तेव्हा डॉक्टरांचं हसू गेलं. त्यांनी मामाजींचा हात धरून, शब्द मोजून सांगितलं, की ही गोळी एकदम बंद केली तर एकामागून एक झटके येऊ शकतात, आणि ते थांबले नाहीत तर माणूस जातो. टीबीची बंद केली तर टीबी उलटतो. दोन्ही घ्यायच्या, पण मात्रा आम्ही ठरवू. रक्तातलं औषध मोजायची सोय तेव्हा तिथं नव्हती, म्हणून त्यांनी डोळे आणि पाय पाहून फेनिटॉइन कमी करून दिली आणि दर आठवड्याला येऊन रेघेवरून चालून दाखवायला सांगितलं. नागपूरच्या डॉक्टरांना स्वतः लिहितो म्हणाले. आणखी एक महत्त्वाची गोष्ट सांगितली: टीबीचं औषध संपेल तेव्हाही या, कारण मग लाईन मोकळी होईल, गोळी भराभर निघून जाईल आणि कमी मात्रा पुरणार नाही.

आठवड्याभरात मामाजी रेघ सोडून कपाटाकडे जाईनासे झाले. पौर्णिमेपर्यंत चाल जवळजवळ सरळ झाली. सुईचं दुसरं नाक गेलं.

आत्याबाईंनी सुटकेचा श्वास टाकला. "पाय सुधरले ना? मंग आता गप राहा. पाहुने येतीन, तुमाले सरळ चालताना पायतीन, समजतीन का कोनी चुगली केली असन."

पौर्णिमेच्या सकाळी मी मामाजींच्या पांढऱ्या सदऱ्याला कोळशाची इस्त्री करत होते. ते जवळ येऊन बसले.

"सूनबाई, म्या पाचवं शील मोडलं का?"

"नाही, मामाजी. थेंब नाही घेतला तुम्ही."

"आन चौथं?"

चौथं म्हणजे खोटं न बोलण्याचं. मी इस्त्री बाजूला ठेवली.

"डॉक्टरले दोनदा 'नाही' म्हनलो," ते म्हणाले. "त्याचीच तं झिंग होती ते."

विहार भरला होता. पुढच्या चटईवर तुमसरचे पाहुणे. मुलाचे वडील जाडजूड, कोरीव मिशी, हाताची घडी घालून मामाजींच्या पायांकडेच पाहत होते. मेणबत्त्या लागल्या, वंदना झाली. मामाजी उभे राहून एकेक शील म्हणू लागले आणि त्यांच्यामागून सगळे. पहिलं, दुसरं, तिसरं. चौथ्याशी ते थांबले. मांडवाचा खांब धरला. मागून कुणीतरी कुजबुजलं, "आजबी घेऊन आला वाटते."

मामाजी म्हणाले, "हे शील म्या तुमाले इतके वर्स दिलं. आज आधी मी घेतो. लोकहो, मले मिरगी हाये. छपरावरून पडलो तवापासून हाये. गोळी खातो, म्हनून झटका येत नाही. अस्तर आनाले नागपूरले जातो म्हनतो, ते गोळी आनाले जातो. छातीचं दुखनंबी झालं, त्याचीबी गोळी खातो. दोन्ही डॉक्टरायपासून एकमेकाचं लपवलं आन दोन्ही गोळ्या आतमधी भांडल्या. तुमी पायलं ते त्यायचं भांडन होतं. मोहाचा थेंब नाही घेतला. डॉक्टरले इचारा, पायजे तं माह्या सुनेले इचारा, ते इंग्रजीत सांगन."

मग मागून गाडीवान काकांचा आवाज आला:

"मास्तर, ते गोळीचं नाव काय म्हनलं? आमाले बाजाराच्या दिवशी सस्ती पडन."

मांडव हसला. मामाजीही हसले, आणि हसता हसता त्यांनी चौथं शील म्हटलं, मग पाचवं. पाचव्याला गाडीवान काकांचा आवाज सगळ्यांत मोठा होता. तो किती दिवस टिकला ते विचारू नका.

घरी पाहुणे जेवायला बसले. मुलाच्या वडिलांनी भात कालवला, तो मध्येच थांबवला आणि म्हणाले, "मिरगी पोरीले बी येईन का?"

मी डॉक्टरांकडून हे आधीच विचारून ठेवलं होतं. सांगितलं, की यांची मार लागल्यानं आलेली आहे, रक्तातून आलेली नाही, त्यामुळे पोरीला येईल असं मानायचं कारण नाही. शंका असेल तर डॉक्टर स्वतः सांगायला तयार आहेत. त्यांनी मान हलवली. आणखी विचारलं, हिरड्यांचं काय, झोपेचं काय, गोळी जन्मभर घ्यावी लागते का. एखादा बैल घेताना विचारतात तसं सगळं विचारलं. मग म्हणाले, "आमी आज 'नाही' म्हनाले आलो होतो. दारुड्याच्या घरी पोरगा नाही द्याचा, असं घरून ठरवून आलो होतो."

"आन आता?" मामाजींनी विचारलं.

"आता काय? गोळीवाला इवाही चालते." त्यांनी कालवलेला घास उचलला. "पन माह्या तोंडाचा वास घेतला तं पाहा."

स्वयंपाकघरात आत्या-आजी दारामागे उभी होती. ती माझ्या खांद्यावर डोकं टेकून हसत होती की रडत होती, ते मला आजही सांगता येणार नाही. तिला विचारा.

टीबीचा औषधोपचार संपला तेव्हा आम्ही ठरल्याप्रमाणे दवाखान्यात गेलो आणि फेनिटॉइनची मात्रा पुन्हा वाढवून घेतली. त्यानंतर मामाजी कुठल्याही डॉक्टरकडे गेले, अगदी डोळ्यांच्या किंवा दातांच्या, तरी बसायच्या आधी आपल्या गोळ्या सांगत. वॉर्डातली माणसं नवं औषध आणलं की छपरीत थांबून त्यांना विचारू लागली, याचं कोणत्या गोळीशी भांडण तर नाही? त्यांना कुठून माहीत असणार! ते एवढंच म्हणत, "मले नको इचारू. तुह्या डॉक्टरले सांग. सगळं सांग."

तेच मी थोरलीला सांगते. झोपेची सांग, आयुर्वेदिक काढा घेत असशील तर तो सांग, मुलं नकोत म्हणून गोळी घेत असशील तर लाजू नको, ती आधी सांग, कारण या जातीच्या काही गोळ्या तिची ताकद घालवतात. मूल हवं असेल तर त्याच्या आधी सांग. आणि घरात कुणाला फिट येत होत्या का या प्रश्नाला उत्तर लिही: हो, पणजोबांना, डोक्याला मार लागल्यामुळे. धाकट्याला काही होत नसलं तरी त्यानंही हे वाचून ठेवावं.

आत्या-आजीचं लग्न त्याच उन्हाळ्यात विहाराच्या मांडवात झालं. नवऱ्या मुलाचा पांढरा सदरा मामाजींनी स्वतः शिवला. तो सदरा तुमसरला आत्या-आजीच्या लोखंडी पेटीत आहे. बटणं दोनदा बदलली आहेत, शिवण मूळचीच आहे.